साताऱ्याची बाटली: बदल नाही

पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो आणि सासऱ्यांची सात वर्षांची मेहनत मी डोक्याला चोळली. चोळली म्हणजे अगदी दोन्ही हातांनी, कानामागे, मानेवर, आणि उरलेली मिशीला.

झालं असं. सांगलीचं घर, नरकचतुर्दशीची पहाट. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "जावईबापू, बोळातल्या कोनाड्यात वाटीत तेल काढून ठेवलंय, तेवढं लावून घ्या. मी पाणी विसणते." बोळात कोनाडे निघाले दोन. एकात पितळेची वाटी, दुसऱ्यात काचेची. मी साताऱ्याच्या बांधकाम खात्यातला कारकून. आमच्याकडे तेल बाटलीतून थेट तळहातावर पडायचं. मला वाटलं, एवढं शिकलेलं घर, इथे जावयाचं तेल काचेच्याच वाटीत ठेवत असतील. तेल सोनेरी होतं, दाट होतं, वासाला थोडं चिंचेसारखं, थोडं ओल्या कातड्यासारखं. विलायती असणार असं समजून मी वाटी बोटानं निपटून घेतली.

सासरे बाहेर आले ते निम्म्या अंगाला उटणं आणि निम्मं अंग कोरडं, असे. त्यांनी कोनाडा पाहिला, मग माझं डोकं पाहिलं. ओरडले नाहीत.

"डोकं हलवू नका," म्हणाले.

मी हललो नाही.

"सगळं लावलंत?"

"हो."

"हात कशाला पुसलेत?"

"पंच्याला."

"पंचा द्या."

पंचा घडी करून त्यांनी बाजूला ठेवला आणि खोलीतून कात्री घेऊन आले. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. "अहो, सणाच्या दिवशी जावयाची हजामत करणार का? व्याही काय म्हणतील?"

"मी कुठे काय म्हटलं," असं म्हणत त्यांनी कात्री खाली ठेवली. पण दिवसभर ते अधूनमधून त्या कात्रीकडे बघत होते.

शेवटी मला पाटावर बसवून, पुढ्यात एनॅमलची परात ठेवून, त्यांनी माझं डोकं स्पिरिटनं धुतलं. एकदा नाही, पाच वेळा. पंचाही पिळला. मिशीला कापसाचा बोळा. थंडीनं माझे दात वाजत होते आणि माझी बायको, लग्नाला पुरते पाच महिने झालेली, माझ्या डोळ्यांवर फडक्याची घडी धरून हसू दाबत उभी होती. तिचे हात थरथरत होते ते मला घडीतून कळत होतं. तिला मी इतकं हसवलेलं ते पहिल्यांदाच. तेवढ्यासाठी मी आणखी एक वाटी चोळली असती.

आता आण्णांविषयी. आण्णा म्हणजे माझे सासरे. सेंद्रिय रसायनशास्त्राचा माणूस. झाडापाल्यातून एकेक द्रव्य वेगळं काढायचं, ते शुद्ध करायचं, त्याची ओळख पटवायची, हे त्यांचं काम, आणि आमच्या भागात ते करणारा त्यांच्याआधी कोणी नव्हता. मूळचे कुंडलचे, उसाच्या घरातले. थोरले भाऊ बापू पलटणीतून परत येऊन शेतीला लागलेले. आण्णा लहानपणी गुऱ्हाळावर बसून असायचे. उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओततात आणि मग मळी वर येते, हे आमच्याकडे सगळ्यांनीच पाहिलेलं. आण्णांनी गुळव्याला विचारलं, भेंडीतलं नेमकं काय मळीला वर आणतं? गुळव्या म्हणाला, "भेंडी आनती. आनि काय?" एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून ते पुण्याला, मुंबईला आणि तिथून चार वर्षं विलायतेला गेले. तिकडे एका झाडाच्या सालीतून त्यांनी काढलेलं द्रव्य पुस्तकांत आहे म्हणतात. मी ती पुस्तकं पाहिली, नाव सापडलं नाही, पण मी उलटी धरली होती असं बायको सांगते.

मुंबईला मोठी जागा मिळत होती. ती सोडून ते सांगलीच्या कॉलेजात आले, कारण झाडं इकडे आहेत, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची प्रयोगशाळा म्हणजे घरामागची गोठ्याची खोली. माळ्यावर पाण्याचा रांजण, त्याला रबरी नळी, स्वतः तापवून वाकवलेल्या काचेच्या नळ्या. खिडकी एकच, आणि धूळ येते म्हणून तीही कायम बंद. बेंझिनचा वास त्या खोलीला यायचा, त्यांच्या कोटाला यायचा, आणि सासूबाई म्हणायच्या त्याप्रमाणे त्यांच्या जेवणाच्या ताटालाही.

मी डोक्याला लावलं ते तरवडाच्या मुळीतलं होतं. आटपाडीकडच्या माळावर तरवड माजलेला असतो. पिवळ्या फुलांचं झुडूप, दुष्काळातही हिरवं. तिकडे मेंढराला जखम झाली की मुळीची साल उगाळून लावतात. त्या सालीत आण्णांना एक नवीन द्रव्य सापडलं होतं. गाडीभर मुळ्या कुटून, भिजवून, गाळून, आटवून शेवटी चमचाभर तेल उरायचं. पण ते तेलच राहायचं. त्याचा रवा धरत नव्हता. खडीसाखरेसारखे खडे म्हणा, स्फटिक म्हणा, ते होत नव्हते. पहाटेच्या गारव्यानं तरी होतील म्हणून ती काचेची वाटी त्या रात्री कोनाड्यात ठेवलेली. आण्णांच्या तोंडी मात्र गुळाचाच शब्द होता, रवा.

"तेल राहिलं म्हणून बिघडलं काय?" मी एकदा विचारलं. चुकीची भरपाई म्हणून त्या काळात मी फार प्रश्न विचारायचो.

"जावईबापू," ते म्हणाले, "तेलात कण बाजारातल्यासारखे उभे असतात, कोण कुठला कळत नाही. रवा धरला की ते पंगतीला बसतात. पंगत बसल्याशिवाय पानं मोजायची कशी?"

रवा नाही तर ते किती अंशांना वितळतं ते सांगता येत नाही. ते सांगता येत नाही तर शुद्ध कशावरून? आणि शुद्ध नाही तर त्याला नाव नाही. नाव त्यांच्या मनात तयार होतं, आटपाडीवरून घेतलेलं, पण ते कधी उच्चारायचे नाहीत. बाळाच्या आधी बारसं करू नये म्हणायचे.

बापू कुंडलहून गुळाची ढेप आणि काकवी घेऊन यायचे, त्या खोलीच्या दारात उकिडवे बसायचे आणि न चुकता एकच सल्ला द्यायचे. "आरं, काकवीचं मडकं तू दर आठ दिसानं हालवून बघशील तर रवा कसा धरंल? कनगीत पुरून ठिव आनि इसरून जा."

"बापू, हे शास्त्र आहे."

"व्हय व्हय. काकवी काय शास्त्र न्हाई. ती नुसती गोड हाय."

त्या घरात एक शब्द चालत नसे: असेल. "डाळ शिजली का?" असं आण्णा विचारायचे. पोरीनं "शिजली असेल" म्हटलं की, "असेल? बघितलीस?" मग ती उठून डाव घालून बघायची. न बघता सांगितलेलं खरं निघालं तरी ते खरं नव्हे, असा त्यांचा कायदा. दुसरा कायदा बाटल्यांना हात न लावण्याचा. चार वर्षांची असताना माझ्या बायकोनं एक बाटली उचलली होती आणि आयुष्यात एकदाच वडिलांचा मार खाल्ला होता. हे दोन्ही कायदे ती लग्नात माहेरच्या भांड्यांबरोबर साताऱ्याला घेऊन आली.

माझ्या डोक्यातून परत मिळवलेलं तेल आण्णांनी दोन-तीन महिने शुद्ध केलं आणि संक्रांतीला मला दिलं. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली, आत थोडं स्पिरिट, बूच किंचित तोकडं. वर चिठ्ठी: जावई.

"यात तुमच्या खोबरेलाचा अंश राहिलाय की नाही, हे मला सांगता येत नाही. म्हणून मोजमापाला ही चालायची नाही. पण टाकवतही नाही. साताऱ्याची हवा थंड, तिकडे ठेवा. काही दिसलं तर कळवा." मग जरा थांबून, "जपा हो. तुमच्या डोक्यातून आजवर निघालेली मोलाची गोष्ट एवढीच."

मी ती फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. बायको दर आठवड्याला फडताळ पुसायची. सगळे डबे उतरवायची, बाटली सोडून. तिच्याभोवतीनं फडकं फिरवायची.

पहिली दोन वर्षं मी मन लावून बघितली. खिडकीशी उजेडाला धरायची, तिरकी करायची, आणि सांगलीला पत्र टाकायचं: बदल नाही. सरकारी नोकरीत दुसरं कुठलंच काम मी इतक्या नियमानं केलं नाही. मग पोरं झाली. खंडाळ्याकडच्या रस्त्यांची कामं निघाली, फिरती लागली. बघणं राहून गेलं, उत्तर मात्र थांबलं नाही. भेट झाली की आण्णा विचारायचे, "साताऱ्याची बाटली काय म्हणते?" मी म्हणायचो, "तशीच आहे." ते आता रामराम घातल्यासारखं झालं होतं.

कोयनेच्या भूकंपात आमचं फडताळ भिंतीपासून वीतभर पुढे आलं. डबे पडले, हळद आणि तिखट एक झालं. पोरांना अंगणात बसवून, जरा उजाडल्यावर मी आत आलो, तर बाटली फळीवर आडवी. बूच जागेवर. मी ती हातात घेतली, उभी केली, चिठ्ठीची बाजू पुढे केली आणि डबे उचलायला लागलो. हातात घेतली होती. डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णांचं रक्त बनेनासं झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, बेंझिनमध्ये किती वर्षं काम करता? आण्णा म्हणाले, "एकोणतीस." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. दुसऱ्याचं रक्त भरायचं, म्हणजे आठ-पंधरा दिवस माणूस पुन्हा माणसासारखा बोलतो, एवढाच उपाय होता. बापूंनी दिलं, मी दिलं. माझं रक्त चढत असताना आण्णा म्हणाले, "आता माझ्या हातूनही कारकुनी चुका होणार." नर्स हसली. मी हसलो. बायको बाहेर गेली.

तिसरं रक्त त्यांच्या विद्यार्थ्यानं दिलं. आटपाडीकडचा माणूस, आता तिशीचा, कॉलेजात आण्णांच्याच हाताखाली शिकवणारा. तरवडाच्या मुळ्या पहिल्यांदा त्याच्याच वडिलांनी माळावर खणून, पोती एसटीच्या टपावर टाकून आणल्या होत्या. छप्पन साली त्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला. तो सांगलीच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा बापूंनी आपला पाट हातभर लांब ओढला होता. आण्णांनी स्वतःचा पाट उचलून त्या हातभर जागेत टाकला. पुढे दोन-तीन वर्षांनी बापूच त्याच्या नावानं काकवीचा तांब्या घेऊन यायला लागले. माझ्या बायकोला तो ताई म्हणायचा आणि मला दाजी.

आण्णांना घरी आणलं. बायको पोरांना घेऊन सांगलीलाच राहिली आणि मी पंधरवड्यानं शनिवारी जायचो. अशाच एका शनिवारी कचेरी सुटल्यावर परस्पर स्टँडवर गेलो आणि गाडी धरली. पोचलो तेव्हा ऊन खिडकीत होतं. खाटेवर आण्णा, खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची मोठी बाटली, त्या दिवाळीनंतर पुन्हा इतक्या वर्षांत साठवलेलं सगळं तेल. मानेखाली दोन उश्या घेऊन ते त्या बाटलीकडे बघत पडले होते. बायको पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती.

"साताऱ्याची बाटली काय म्हणते?"

"तशीच असेल," माझ्या तोंडून गेलं.

"असेल?"

आजारी माणसाचा आवाज नव्हता तो. वर्गातला होता. मी घाईनं म्हणालो, "नाही, तशीच आहे आण्णा. बघूनच निघालो."

"उजेडाला धरून?"

"धरून."

माझ्या हातात कचेरीच्या डब्याची पिशवी होती. डबा हलला की आत चमचा वाजायचा, तो वाजला. बायकोनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेजेची वाटी खाली ठेवली.

"मग ठीक," आण्णा म्हणाले. उशाची वही मागून घेतली, एक ओळ लिहिली, वही मिटली. मग विद्यार्थ्याला हाक मारून त्यांनी खिडकीतली बाटली उचलायला सांगितली. "मागच्या खोलीत ठेव. माझ्या डोळ्यांसमोर नको आता."

"सर, ऱ्हाऊ द्या की हितंच."

"ठेव म्हटलं ना."

पुढच्या खेपेला त्यांनी बाटलीचं विचारलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. दुपारी, सासूबाई तांदूळ निवडत असताना. त्यांना वाटलं, झोप लागली असेल. मग त्यांनीच उठून बघितलं.

दिवसकार्य आटोपून आम्ही साताऱ्याला परतलो. आण्णांचं सगळं सामान त्यांचा विद्यार्थी लावून ठेवणार होता, तेव्हा आपल्याकडची बाटलीही परत द्यावी म्हणून मी ती काढायला फळीशी हात नेला. सवयीनं, इतक्या वर्षांची तुटलेली सवय ती, खिडकीशी धरली. तिरकी केली. आतलं उरलेलं स्पिरिट एका बाजूला गेलं, आणि तळाशी काहीतरी होतं ते गेलं नाही. मी बाटली उलट्या बाजूला कलवली. तरी नाही. काचेला भिंग लावल्यासारखा डोळा लावला, तर आत कुसळांचा जुडगा. पिवळ्या, लांब, टोकदार काड्या, एकीतून दुसरी निघालेली, बाटलीच्या तळापासून निम्म्यापर्यंत.

मी बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, आणि बघून तशीच उभी राहिली. हात तिनं पाठीमागे नेले होते.

दुसऱ्या दिवशी पोरांना शेजारी ठेवून दोघं सांगलीला निघालो. बाटली रुमालात गुंडाळून मी मांडीवर धरली. दारूबंदीचे दिवस, आणि बूच तोकडं. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला, नाक वर केलं. "पावणं, काय हाय त्यात?"

"औषध."

"आसंच म्हनत्यात समदी."

"सासऱ्यांचं आहे," मी म्हणालो.

"मग त्यास्नी झाकन नीट लावा म्हनावं," तो म्हणाला आणि पुढे गेला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

सांगलीच्या घरी बापू आलेले होते. विद्यार्थ्यानं मागच्या खोलीची खिडकी उघडली. ती उघडताना बिजागरी किंचाळली, इतकी वर्षं ती मिटून होती. त्यानं माझी बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"दाजी," तो म्हणाला, "ह्ये तुमचं खोबरेल बी आसू शकतं."

"मग कसं कळणार?"

"हितली एक काडी सरांच्या तेलात टाकू. तेच द्रव्य आसंल तर ती धरंल. न्हाईतर न्हाई."

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यानं आण्णांची मोठी बाटली पुढे घेतली, चिमट्यानं एक काडी काढून तेलात सोडली. काडी सावकाश बुडत गेली. काहीच झालं नाही. मी मनात म्हणत होतो, खोबरेल निघू दे. देवा, माझं खोबरेलच निघू दे.

मग काडीच्या टोकाला एक केस फुटला. त्याला दुसरा. दुधाला विरजण लागावं तसं, पण डोळ्यांदेखत, ते पसरत गेलं. वरून खाली, कडेपर्यंत. सकाळची गाडी साताऱ्याहून सांगलीला यायला जेवढा वेळ लावते त्याच्या कितीतरी कमी वेळात आण्णांच्या अर्ध्या आयुष्याचं तेल पंगतीला बसलं. त्यानं बाटली आडवी केली. सांडलं नाही.

"हेच का ते?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय आई. ह्येच."

त्यांनी पुढे होऊन बाटलीला तळहात लावला. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच लावला असेल. "कोमट आहे गं," त्या लेकीला म्हणाल्या.

"रवा धरताना ऊब सुटती," विद्यार्थी म्हणाला. बापूंना म्हणता आलं असतं, मी सांगत होतो, मडकं हलवू नको. ते म्हणाले नाहीत. फेट्याचा शेव डोळ्यांना लावून भिंतीकडे तोंड करून बसले.

जरा वेळानं विद्यार्थीच म्हणाला, "सर दर आठ दिसाला तापवायचे, गाळायचे, परत ठेवायचे. सरांस्नी दम न्हवता. तुमचं बूच ढिलं, त्यातनं स्पिरिट हळूहळू उडत ग्येलं. इतकी वर्सं कुनी हात लावला न्हाई, कुनी बघितलं न्हाई, म्हनून झालं बघा दाजी." तो हे कौतुकानं म्हणत होता.

मग त्यानं आण्णांची वही आणली. रवा कधी धरला ते लिहायला हवं होतं, पुढे हे काम छापायचं तर ते लागणार. शेवटच्या लिहिलेल्या पानावर आण्णांचं अक्षर होतं, थरथरलेलं पण स्वच्छ. त्यानं मोठ्यानं वाचलं: "साताऱ्याची बाटली: बदल नाही. जावईबापूंनी उजेडाला धरून पाहिली."

त्याच्याखाली त्यांनी रेघ मारली होती.

"म्हंजी रवा धरला तो ह्याच्या नंतर," विद्यार्थी म्हणाला. "आसंच लिहायचं न्हवं, दाजी?"

मान हलवली असती तरी चाललं असतं. कोणी विचारणार नव्हतं. विचारणारा माणूस गेला होता. आणि तसं लिहिलं असतं तर आण्णांच्या हयातीत साताऱ्याला काही नव्हतं, असं छापूनही आलं असतं, मग ते पुस्तकातलं खरं झालं असतं. एकोणतीस वर्षांच्या त्या वह्यांमध्ये न बघता लिहिलेली ओळ एकच होती, आणि ती लिहिणाऱ्याची नव्हती, माझी होती.

"नाही," मी म्हणालो. "मी पाहिली नव्हती."

"त्या दिशी?"

"त्या दिवशी नाही. भूकंपात हातात घेतली होती, तेव्हाही नाही. त्याच्या आधी तीन-चार वर्षं, आठवत नाही."

त्यानं पेन उघडलेलं होतं. ते ओळीवर नेलं, आणि मागे घेतलं. "सरांच्या वहीत मी खोडनार न्हाई," तो म्हणाला. पान उलटून त्यानं त्या दिवसाची तारीख घातली आणि आपल्या डोळ्यांनी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं.

सासूबाई उठल्या. "जावईबापू, हातपाय धुवून घ्या. पानं वाढते," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी यापेक्षा वेगळ्या आवाजात कधी बोलल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही बोलल्या नाहीत. मी जेवलो. दोनदा आमटी घेतली. आग्रह मोडवेना.

परतीच्या गाडीत बायको खिडकीशी बसली. इस्लामपूर गेलं, पेठ नाका गेला. कराडच्या स्टँडवर गाडी थांबते, तिथे मी उतरून दोन कप चहा घेऊन आलो. तिनं कप घेतला आणि हातात धरून ठेवला.

मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "भूकंपात बाटली आडवी झाली, त्या हलण्यानंच रवा धरला असेल. म्हणजे आण्णांनी विचारलं तेव्हा तो होता. किंवा नसेलही. ते गेल्यावरच धरला असेल. तसंही असेल, नाही का?"

ती चहावर आलेल्या सायीकडे बघत राहिली. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली, पोऱ्या कप मागायला खिडकीशी आला. तिनं न प्यायलेला कप त्याच्या हातात दिला.

मग म्हणाली, "असेल म्हणू नका. बघितलं नाही आपण. एवढंच म्हणा."